प्रोजेक्ट रिपोर्ट बँकेतून सारखा परत येऊन राहिला? नवीन बनवण्याआधी हे तपासा

कर्ज मागताना धंद्याचा खर्च, विक्री आणि नफ्याचा जो अंदाज बँकेला द्यावा लागतो तो प्रोजेक्ट रिपोर्ट. आधी लक्षणं लिहिते. तुमचं यातलं एकही नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

- फाईल देऊन दीड-दोन महिने झाले, विचारलं की "प्रोसेसमध्ये आहे", पुढच्या आठवड्यात गेलं की "साहेब लीव्हवर आहेत".
- पोर्टलवर रिजेक्ट दिसतं आणि कारण एका ओळीत, "प्रोजेक्ट व्हायेबल नाही", म्हणजे धंदा चालून कर्ज फिटेल असं वाटत नाही. कधीकधी तर "पार्टीला इंटरेस्ट नाही", आणि पार्टी म्हणजे तुम्ही, जे उन्हातान्हात रोज चकरा मारून राहिले.
- मागितले नऊ लाख, मॅनेजर म्हणतो चार देतो.
- मॅनेजरनं एक साधा प्रश्न विचारला, "महिन्याला किती किलो विकाल?" आणि तुम्ही सोबत आलेल्या एजंटच्या तोंडाकडे पाहिलं.
- दुसऱ्याकडून नवीन रिपोर्ट करून घेतला, पैसे गेले, तोही परत आला.

शेवटची दोन असतील तर आजार रिपोर्टमध्येच आहे असं समजा, पहिली दोन असतील तर तो बाहेरही असू शकतो, म्हणून खाली सुरुवात बाहेरून केली आहे.

मी नागपूरलाच एका टॅक्सच्या ऑफिसमध्ये चौदा वर्षांपासून काम करते. नवीन रिपोर्ट कमी बनवते, परत आलेले दुरुस्त करते जास्त. हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर, काटोल, उमरेड, सगळीकडून लोक येतात, हातात स्पायरल बाईंडिंग केलेलं चाळीस पानांचं पुस्तक, वर कंपनीच्या नावाचा रंगीत लोगो, आणि पहिला प्रश्न हाच की "मॅडम, यात काहून चुकलं? इतका मस्त तर बनवला आहे." मस्त असतोच. भाषा चांगली, रंगीत ग्राफ, सुरुवातीला देशाच्या अर्थव्यवस्थेवर तीन पानं. चुकलेलं असतं ते आतल्या आकड्यांत, म्हणजे पान ९ वरचा आकडा पान २३ वरच्या आकड्याला ओळखतच नाही. बँकेतला माणूस ती तीन पानं वाचत नाही हो, तो चार तक्ते उघडतो, एकमेकांशी जुळवतो, नाही जुळले की फाईल खाली ठेवतो. माझं सगळं काम त्या जुळवणीचंच आहे, आणि त्यातलं बरंचसं तुम्ही घरी बसून करू शकता.

सगळ्यात आधी फुकटचं काम, रिपोर्टला हात न लावता. स्वतःचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे तुमच्या आधीच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढा. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो पण नुसता स्कोअर पाहून बंद करू नका, खालची खात्यांची यादी वाचा. एका भाऊंचा रिपोर्ट मी दोनदा दुरुस्त केला, तिसऱ्यांदा सिबिल काढला तर त्यात जुन्या मोबाईलच्या हप्त्याचे अठराशे रुपये थकलेले, मोबाईल कधीचा फुटला होता. दुसरा एक मेहुण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेला, मेहुण्याने हप्ते सोडले, आणि ते यांच्या नावावर दिसून राहिलं. तुम्ही रिपोर्टमध्ये सोन्याच्या अक्षरांनी लिहिलं तरी ही ओळ आधी दिसते. छोटी थकबाकी असेल तर भरा, नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या, नोंद अपडेट झाली की मग अर्ज करा.

यातच दुसरी गोष्ट, दार बरोबर ठोठावलं का? पीएमईजीपी ही केंद्र सरकारची सबसिडीवाली कर्जयोजना नवीन युनिटसाठी आहे, ज्याची चक्की चार वर्षांपासून सुरू आहे आणि जीएसटी नंबरही त्याच नावाने आहे त्याने "नवीन युनिट" लिहून अर्ज केला तर तो परतच येणार. त्यात उत्पादनाला ५० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो, आणि उत्पादनात १० लाखांच्या वर, सेवेत ५ लाखांच्या वर गेलात तर आठवी पास लागतं. मुद्रा या छोट्या धंद्यांच्या सरकारी कर्जयोजनेत शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि २० लाखांचं तरुण प्लस हे ज्याने आधीचं तरुण कर्ज नीट फेडलं त्यालाच. पहिल्याच वेळी मुद्रातून अठरा लाख मागणारे लोक मी पाहिले आहेत, रिपोर्ट चांगला होता बिचाऱ्यांचा. स्कीमचे नियम मधून मधून बदलतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी पोर्टलवर एकदा वाचून घ्या, माझ्यावर किंवा एजंटवर राहू नका. शाखाही पाहा, तुमची जागा ज्या शाखेच्या हद्दीत येते तीच द्या, भाच्याची ओळख आहे म्हणून शहराच्या दुसऱ्या टोकाची शाखा टाकली की फाईल नुसती इकडून तिकडे फिरते.

हे ठीक असेल तर आता रिपोर्ट उघडा. वर्डमध्ये असेल तर कंट्रोल एफ दाबा आणि दुसऱ्या जिल्ह्यांची, दुसऱ्या धंद्यांची नावं शोधा. हसू नका, मला दर दोन-तीन महिन्यांत एक सापडतो. नागपूरच्या डाळमिलच्या रिपोर्टमध्ये "किनारपट्टी जवळ असल्याने कच्चा माल मुबलक" असं छापलेलं मी स्वतः वाचलं आहे, आपल्याकडे किनारा म्हणजे फुटाळा तलावाचा, तिथे कोणती तूर मिळते ते त्या एजंटलाच ठाऊक. कागदी प्लेटच्या रिपोर्टमध्ये "चिप्सची चव" होती. हे महत्त्वाचं काहून, तर बँकेवाल्याला एकदा दिसलं की हा रिपोर्ट कॉपी आहे, तो पुढचे बरोबर आकडेही खोटे धरतो, आणि तुम्ही मुलाखतीला बसलात की तुम्हाला तुमचाच रिपोर्ट माहीत नाही असं धरून बोलतो.

त्याच बैठकीत नावं आणि पत्ते जुळवा. आधार, पॅन, उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी), जागेचा करारनामा, कोटेशन (मशीन विकणाऱ्याने दिलेला लेखी भाव), या पाचही कागदांवर नाव एकच स्पेलिंगमध्ये पाहिजे आणि ज्यांवर युनिटचा पत्ता असतो त्यांवर तो एकच. उद्यममध्ये कोणता व्यवसाय टाकला तेही पाहा, मसाला दळण्याचा कोड १०७९५ आहे, तिथे घाईघाईत किरकोळ विक्री निवडलेली असते आणि रिपोर्टमध्ये उत्पादन. उद्यम दुरुस्ती ऑनलाईन आणि फुकट आहे, पाचशे रुपये घेणाऱ्याला देऊ नका. जागा भाड्याची असेल तर करार कर्जाच्या मुदतीशी मिळता घ्या, सात वर्षांचं कर्ज आणि अकरा महिन्यांचा करार पाहिला की मॅनेजर विचारतोच, बाराव्या महिन्यात मशीन कुठे ठेवाल?

आता कोटेशन. इथे थोडा खर्च येतो, फोन आणि एखादी चक्कर. कोटेशनवर तारीख, जीएसटी नंबर, मशीनची क्षमता, हॉर्सपॉवर, टॅक्स वेगळा दाखवलेला आणि किती दिवस वैध ते पाहिजे. आठ महिने जुनं कोटेशन लावलेलं असतं, तोवर भाव बदललेला असतो. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे रिपोर्टमध्ये टॅक्सशिवायची किंमत आणि कोटेशनवर टॅक्ससकट. चार लाखांच्या मशीनवर १८ टक्के म्हणजे ७२ हजार, हे रिपोर्टमध्ये नाहीत तर ते येणार कुठून? मग लोक खेळत्या भांडवलातून, म्हणजे रोजचा माल आणि खर्च चालवायच्या पैशातून, मशीनचे पैसे देतात आणि पहिल्याच महिन्यात माल घ्यायला पैसा नसतो. भाडं, उतरवणी, फाउंडेशन, वायरिंग हेही विसरतात. आणि एक, कोटेशन फुगवून घ्या म्हणजे स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही असं कुणी सांगून राहिलं असेल तर त्याच्या नादी लागू नका, बँक पैसे थेट सप्लायरला देते, मग त्याच्याकडून ते परत काढायला तुम्हीच त्याच्या पाया पडता. ते मी दुरुस्त करत नाही, सरळ सांगते.

पुढचं, प्रोजेक्टचा खर्च आणि पैसा कुठून येणार हे दोन तक्ते. दोन्हींची बेरीज एकच पाहिजे, रुपयाला रुपया. ऐकायला सोपं आहे पण सबसिडीत सगळे घसरतात. पीएमईजीपीचंच घ्या, ९ लाखांचा प्रोजेक्ट, जनरल कॅटेगरी, ग्रामीण भाग. स्वतःचे १० टक्के म्हणजे ९० हजार, बँकेचं कर्ज ८ लाख १० हजार, झाले ९ लाख. सबसिडी २५ टक्के, म्हणजे सव्वादोन लाख, पण ती या तक्त्यात वेगळी ओळ म्हणून येत नाही. लोक लिहितात स्वतःचे ९० हजार, सबसिडी सव्वादोन, कर्ज ५ लाख ८५ हजार. चूक. ती रक्कम बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही, युनिट चालू दिसलं तर नंतर कर्जात वळती होते. शहरात जनरलला १५ टक्के, आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरे स्पेशल कॅटेगरीत शहरात २५, ग्रामीणमध्ये ३५, आणि स्वतःचा हिस्सा ५ टक्केच. काही जण तर सबसिडी पहिल्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवून नफा फुगवतात, असा रिपोर्ट एका मिनिटात परत येतो. जमिनीची किंमतही यात धरता येत नाही, प्लॉट स्वतःचा आहे म्हणून दहा लाख लिहून ठेवले असतील तर काढा.

इथपर्यंत फोन, एखादी चक्कर आणि झेरॉक्स सोडून पैसा लागला नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच इथेच सुटतात.

आता खरं दुखणं, आणि इथे मी थोडं लांब लिहिणार आहे कारण परत येणाऱ्या रिपोर्टचं मूळ बहुतेक इथेच निघतं. उत्पादन, विक्री आणि खेळतं भांडवल, तिघं एका दोरीने बांधलेले आहेत, एकाला ओढलं की बाकीचे दोघे ओढले जातात.

भिवापूरकडचे एक काका आले होते, मिरची आणि मसाला दळून पॅकिंग करायचं युनिट. भिवापूरची मिरची, जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली, माल दारात, कल्पना चांगली. रिपोर्ट दोनदा परत. खर्च असा: मशिनरी ५ लाख ६० हजार, वायरिंग ४० हजार, काटे-टेबल-डबे वगैरे ५० हजार, खेळतं भांडवल अडीच लाख, एकूण ९ लाख. उत्पादनाच्या पानावर लिहिलेलं, पल्व्हरायझर (दळायचं मशीन) तासाला ४० किलो, दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ९६,००० किलो, पहिल्या वर्षी ६० टक्के म्हणजे ५७,६०० किलो, भाव ३२० रुपये, विक्री १ कोटी ८४ लाख ३२ हजार. कागदावर एकदम झकास.

मी काकांना म्हटलं, मिरचीचा भाव तुम्ही रिपोर्टात १८० धरला आहे, ५७,६०० किलोला वर्षाची मिरची एक कोटी तीन लाखांच्या वर जाते, महिन्याची साधारण ८ लाख ६४ हजारांची. तुमच्याकडे अडीच लाख. किती दिवस पुरतील? त्यांनी मोबाईलवर हिशेब केला. नऊ दिवसही नाही. आणि दुकानदार पैसे महिन्याने देतो. काका बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हे तर मला धंद्यातून आधीच माहीत होतं वो, कागदावर पाहिलंच नाही कधी."

बँकेवाला हेच डोक्यात करतो, फक्त वेगळ्या रीतीने. छोट्या उद्योगांसाठी नायक समितीचा जुना ठोकताळा आहे, वर्षाच्या विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातलं २० टक्के बँकेने द्यायचं आणि ५ टक्के तुम्ही आणायचं. पावणेदोन कोटींच्या वर विक्री लिहिली की त्याला ४६ लाख दिसतात, आणि तुम्ही लिहिलेले असतात अडीच. तो तुम्हाला खोटारडा म्हणत नाही, "व्हायेबल नाही" लिहून मोकळा होतो.

मग आम्ही उलटं सुरू केलं, गिऱ्हाईकापासून. काका, माल कोण घेईल, नावानिशी सांगा. त्यांनी वहीत लिहिलं, उमरेड, भिवापूर आणि नागपुरात महाल-इतवारीकडची मिळून ४० किराणा दुकानं, प्रत्येकी महिन्याला १२ किलो, म्हणजे ४८० किलो. दोन सावजी भोजनालयं, ६० किलो प्रत्येकी, १२० किलो. एकूण ६००. वर्षाला ७,२०० किलो, ३२० रुपयांनी २३ लाख ४ हजार. आता मशीनकडे पाहा, दिवसाला २४ किलो म्हणजे त्या पल्व्हरायझरचं चाळीस मिनिटांपेक्षाही कमी काम. एवढं मोठं मशीन कशाला? तर काका म्हणाले, मार्च ते मे मध्ये गावातली घरं वर्षभराचं तिखट, हळद, धने दळून घेतात, रांगा लागतात. हे उत्पन्न रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं! एजंटला माहीतच नव्हतं आणि काकांना वाटलं दळणाचे पैसे म्हणजे काय धंदा. आम्ही ते टाकलं, मशीन एक साईझ कमी घेतलं, मशिनरी ४ लाख ६० हजारांवर आली आणि उरलेला एक लाख खेळत्या भांडवलात गेला. साडेतीन लाख झाले: दीड महिन्याची मिरची साधारण पावणेदोन लाख, दुकानदारांकडे चार आठवडे अडकणारे पावणेदोन लाख. मिरचीचा हिशेब करताना देठ आणि दळतानाची घट धरली, ती आधी धरलीच नव्हती, शंभर किलो मिरची घातली की शंभर किलो तिखट निघतं असा रिपोर्ट होता. प्रोजेक्ट मात्र ९ लाखांचाच राहिला. विक्री आठव्या हिश्श्यावर आली आणि फाईल पास झाली.

तुमच्या रिपोर्टला हे लावायचं तर तीनच ओळी लिहा. महिन्याला किती विकेन, कुणाकुणाला. त्याला किती कच्चा माल लागेल, घट धरून. माल घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंत किती दिवस, आणि तेवढ्या दिवसांचा पैसा भांडवलाच्या ओळीत आहे का. नसेल तर विक्री कमी करा किंवा भांडवल वाढवा, दोन्ही जागच्या जागी ठेवून सुटत नाही. खेळत्या भांडवलाचा वाटा स्कीमच्या मर्यादेत बसतो का तेही पाहून घ्या.

आणि ३०० दिवस! हा आकडा दिसला की मी आधी विचारते, माल ३०० दिवस मिळतो का? संत्र्याचा स्क्वॅश बनवणाऱ्या पोराने ३०० दिवस लिहिले होते, अरे बाबा, संत्र्याचे हंगाम दोनच, आंबिया बहार दिवाळीच्या आसपास, मृग बहार फेब्रुवारी-मार्चकडे, मधले महिने मशीन काय करेल? एक तर पल्प साठवायची सोय आणि तिचा खर्च दाखव, नाहीतर दिवस कमी कर आणि दुसरं फळ सांग. त्याने दिवस कमी केले.

वीज आणि मजुरी पटकन. कोटेशनवरचे सगळे हॉर्सपॉवर बेरजेला घ्या, ०.७४६ ने गुणा, किलोवॅट मिळतात. ११ हॉर्सपॉवर म्हणजे ८.२ किलोवॅट, ८ तास, २५ दिवस, १,६४० युनिट. आठ रुपयांनी धरलं तरी १३ हजारांच्या वर, पूर्ण लोड सतत नसतो म्हणून त्याचं साठ-सत्तर टक्के घ्या, तरीही रिपोर्टमधले ३,००० चूकच. दर तुमच्या भागातल्या एखाद्या युनिटच्या बिलावरून घ्या. मजुरीत स्वतःचा आणि बायकोचा पगार शून्य लिहू नका, घर कशावर चालणार हे तो विचारतोच, घरखर्चाची रक्कम लिहून ठेवा.

आता थोडं अवघड, डीएससीआर. एक्सेल येत असेल तर जमतं. वर्षभरात कर्जासाठी हातात किती पैसा उरतो भागिले वर्षभरात किती भरायचा, एवढंच आहे ते. वरच्या बाजूला टॅक्सनंतरचा नफा, घसारा आणि कर्जाचं व्याज. घसारा म्हणजे मशीनची वर्षाला घटणारी किंमत, तो मिळवायचा काहून, तर तो कागदावर वजा होतो, खिशातून जात नाही. खालच्या बाजूला मुद्दलाचे हप्ते आणि व्याज. समजा नफा १,७०,०००, घसारा ८५,०००, व्याज ७५,०००, एकूण ३,३०,०००. हप्ते १,२०,००० आणि व्याज ७५,०००, एकूण १,९५,०००. भागाकार १.६९. बँका साधारण दीडच्या आसपास सरासरी पाहतात. १.१ आला तर एक खराब महिना आणि हप्ता चुकला. पण ४.८ आला तर खूश होऊ नका, तसेही रिपोर्ट परत येतात, कारण मग विक्री फुगवली आहे हे उघड दिसतं. एजंट लोक हा आकडा आधी ठरवून विक्री मागून बसवतात, म्हणूनच वरची मिरचीवाली भानगड होते.

हा आकडा वर्षाचा असतो आणि हप्ता महिन्याचा, हे लक्षात ठेवा. कूलर बनवणाऱ्या एकाचं कर्ज मंजूर झालं, पहिला हप्ता जुलैत. नागपुरात जुलैत कूलर कोण घेतं? त्याची विक्री मार्च ते मे, पत्रा आणि मोटर घ्यायची हिवाळ्यात. त्याने रिपोर्टमध्ये महिन्यानुसार तक्ता दिलाच नव्हता, बँकेने सरळ समान हप्ते लावले, दिवाळीपर्यंत तो थकबाकीत. पहिल्या वर्षाचा तरी महिन्यानुसार जमाखर्च लावा आणि मोरॅटोरियम, म्हणजे सुरुवातीला हप्ता न भरण्याची सूट, किती महिने पाहिजे, कोणत्या महिन्यापासून हप्ता सुरू व्हावा, हे स्वतःहून लिहा. न मागता कुणी देत नाही.

शेवटचं आणि सगळ्यात मेहनतीचं, बाजाराचं पान. इथे घरबसल्या काम होत नाही, पायी फिरावं लागतं. "बाजारात प्रचंड मागणी आहे" हे वाक्य खोडा. त्याजागी पंधरा-वीस दुकानांची यादी लावा, कोण सध्या कुणाचा माल घेतं, काय भावाने, उधारी किती दिवसांची. दोन-चार जणांनी लेटरहेडवर "नमुना पाहिला, माल घेऊ" एवढं लिहून दिलं तर फारच चांगलं, नाही दिलं तरी नुसती यादी चालते. आठ दिवस लागतात आणि चपला झिजतात, पण मुलाखतीत तुम्ही एजंटकडे पाहणं बंद होतं.

आता कुठे थांबायचं.

त्याच शाखेतून दोनदा परत आला असेल तर तिसऱ्यांदा तसाच देऊ नका. लेखी कारण मागा, कर्ज नाकारल्याचं मुख्य कारण लेखी द्यावं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, साध्या अर्जावर मागा आणि पोच घ्या. कारण हातात आलं की दुरुस्ती अर्धी झाली. १० लाखांच्या आतल्या छोट्या उद्योगाच्या कर्जाला तारण मागून राहिले असतील तर तो रिपोर्टचा दोष नाही, सिव्हिल लाईन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बोला, पीएमईजीपीची फाईल तिथून गेली असेल तर तर नक्कीच.

बँकेने सीएमए डेटा (मागच्या आणि पुढच्या वर्षांच्या आकड्यांचे बँकेचे ठराविक तक्ते) मागितला, किंवा कॅश क्रेडिट लिमिट (लागेल तसे काढायचे-भरायचे कर्जखाते) मागत असाल, किंवा धंदा आधीपासून सुरू आहे आणि जुने ताळेबंद जोडायचे आहेत, तर सीएकडे जा. त्यात मागच्या वर्षांचे खरे आकडे पुढच्या अंदाजांना जोडायचे असतात, तिथे एक चूक केली तर इन्कम टॅक्सपर्यंत जाते. मी इतकी वर्षं करूनही ते सीएच्या सहीशिवाय बाहेर काढत नाही. जागा एनए (बिगरशेती) नाही, एमआयडीसीतला प्लॉट दुसऱ्याच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर तीन भावांची नावं आहेत, हे वकिलाचं काम. धूर, सांडपाणी, रसायन असेल तर प्रदूषण मंडळाची संमती लागते का हे अर्जाआधी विचारा, मशीन बसल्यावर नाही. सिबिलमध्ये "रिटन ऑफ" (बँकेने बुडीत धरलेलं कर्ज) किंवा "सेटल्ड" (कमी पैशात तडजोड करून मिटवलेलं) दिसत असेल तर थेट त्या बँकेत जा, "स्कोअर वाढवून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि आकडे खरे लिहिल्यावर हप्ता निघतच नसेल, तर रिपोर्ट दुरुस्त होणार नाही, कारण रिपोर्ट बिघडलेलाच नाही. एक ताई पेपर कपचं मशीन घेणार होत्या, खरा भाव आणि खरी विक्री टाकली तर डीएससीआर ०.८. त्यांना मी दुसऱ्याकडे पाठवलं नाही. त्यांनी वर्षभर दुसऱ्याचा माल आणून विकला, गिऱ्हाईक बांधलं, आता परत आल्या आहेत, यावेळी वहीत दुकानांची नावं घेऊन.

सीएकडे किंवा माझ्यासारखीकडे येताना परत आलेला रिपोर्ट, नाकारल्याचा कागद किंवा पोर्टलचा स्क्रीनशॉट, ताजी कोटेशनं, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सिबिल रिपोर्ट आणि ती दुकानांची वही आणा. काम झालं की एक्सेलची फाईल मागून घ्या, नुसती पीडीएफ घेऊन घरी जाऊ नका, मंजुरीच्या वेळी मॅनेजर एखादा आकडा बदलून मागतोच आणि तेवढ्यासाठी तुम्हाला परत पैसे द्यावे लागतात.